सहा वाजून बावीस मिनिटांचा माल

आमच्या साडूंइतका व्यवस्थित माणूस तेव्हाच्या सबंध ठाणे जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि जिल्ह्याची सहनशक्ती पाहता एक पुरेसा होता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नाते माणूस स्वतः जोडत नाही. दोन बहिणी आपापली लग्ने करतात आणि दोन परके पुरुष आयुष्यभर एकमेकांशेजारच्या पाटावर बसून जेवतात. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग तयार करणारा एक कारखाना होता, तिथल्या स्टोअरचे ते कीपर. नट, बोल्ट, वॉशर, पट्टे, बेअरिंगे आणि गमबूट यांच्यावर त्यांनी अठ्ठावीस वर्षे राज्य केले. स्टोअरला एक खिडकी होती. खिडकीबाहेर कामगार उभा राही आणि आत साडू मान खाली घालून काहीतरी लिहीत असत. "काका, दो इंच का वॉल्व्ह मिलेगा?" असा प्रश्न आला की मान वर न करता उत्तर जाई, "चार नंबर रॅक, नीचे से दुसरा खाना, बाये हाथ को. तीन है. एक का दांडा टेढा है, वो मत लेना." माझ्या लग्नात ऐन मुहूर्ताला अंतरपाट सापडेना. भटजी घड्याळाकडे पाहू लागले, मामा मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. साडू पंक्तीच्या व्यवस्थेत होते. त्यांनी तिथूनच सांगितले, "मांडवाचा तिसरा खांब, नारळाचं पोतं, त्याच्यावर टोपल्या, टोपल्यांच्या खाली." अंतरपाट तिथेच होता. तो तिथे ठेवला कोणी हे मात्र त्यांनी आजतागायत सांगितलेले नाही, कारण ते कोणी विचारले नव्हते.

स्टोअरमध्ये एक नियम असतो, आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा. नाहीतर जुना माल मागे पडतो आणि गंजतो. नियम शहाणपणाचा आहे. साडूंनी तो घरी आणला. काल केलेली भाकरी उरली असेल तर आज आधी ती खायची, मग आजची. आजची साहजिकच उरे आणि उद्यासाठी कालची होई. माझी मेहुणी मला एकदा म्हणाली, "तुमच्या साडूंनी ताजी भाकरी शेवटची कधी खाल्ली ते मला आठवत नाही. बहुतेक आमच्या चौथ्या संक्रांतीला." बोईसरच्या बाजारात सातपाटीची एक कोळीण पापलेट घेऊन बसे. साडूंनी तिला विचारले, "यातली आधी आलेली कुठली?" तिला वाटले गिऱ्हाईक चोखंदळ आहे. तिने एक चकचकीत मासळी उचलून दाखवली. "ही नको. हिच्या आधीची." तिने दुसरी दाखवली. "हिच्याही आधीची नाही का?" मग तिने कंबरेवर हात ठेवले. "शेट, समदी मानसं ताजा म्हावरा मागतात. तुमाला शिळा कशाला व्हवा? घरात भांडन हाय काय?" साडूंनी तिला नियम समजावून सांगितला. तिने तो शांतपणे ऐकला आणि शेजारणीला म्हणाली, "ह्याच्या बायकोला माजा नमस्कार सांगा गो कोनतरी."

त्यांच्याकडून कुठलीही वस्तू सहीशिवाय बाहेर जात नसे. एकदा पावसात अडकलो म्हणून मी त्यांच्या घरून छत्री मागितली. त्यांनी ती दिली, पण आधी वहीत तारीख, वस्तूचे वर्णन ("काळी, एक काडी वाकलेली") आणि माझी सही घेतली. आठव्या दिवशी पालघरला आमच्या घरी पोस्टकार्ड आले: छत्री अद्याप जमा नाही. खाली सही आणि हुद्दा. माझ्या बायकोने ते पत्र देवघरात ठेवले. भाऊजींचे अक्षर फार सुंदर आहे, असे तिचे म्हणणे होते, आणि ते खरेही होते.

या माणसाची एक बाजू मात्र कोणत्याही वहीत नव्हती. आमच्या दोघांची सासू एकच, आणि ती बोईसरजवळ पाम गावात आपल्या वाडीत एकटी राहत असे. चिकूची पंचवीस झाडे, नारळ, विहीर आणि कौलारू घर. तिला काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलेलाच होता आणि दुसऱ्यात राहिलेली नजर टिकवायची तर रोज संध्याकाळी वेळच्या वेळी औषधाचा थेंब पडायला हवा, चुकला तर गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. तिचे हात कापत. मुलींनी तिला आपल्याकडे न्यायचा प्रयत्न केला, पण ती म्हणाली, "तुमच्या बोयसरला रंगाचा वास मारतो. नि माज्या चिकवांना कोन बघल?" शेजारणीने दोन दिवस थेंब घातले, पण शेजारणीच्या हाताला मिरची असते असा सासूबाईंचा निकाल होता. मी एकदा घालून पाहिला, तो कानात गेला. राहिले साडू. रोज सहाला कारखाना सुटला की ते सायकलवर टांग मारून पामला जात, साडेसहाला थेंब घालत, भिंतीवर टांगलेल्या पुठ्ठ्यावर खूण करत आणि परत येत. पावसाळ्यातही. गणपतीतही. मी महिन्यातून एकदा जाई आणि चिकू घेऊन येई.

नव्वदीच्या दशकात कारखान्यात नवे मॅनेजर आले. बोईसरच्या उन्हाळ्यात टाय बांधणारा हा माणूस एकविसाव्या शतकाबद्दल असे बोले की जणू ते त्याच्याच सहीसाठी यायचे थांबले आहे. त्यांनी स्टोअरसाठी एक संगणक आणला. तेव्हा अशा यंत्राचे आगमन हा सोहळा असे. खोलीला एसी बसवला, दारात पायपुसणे घातले, चपला बाहेर काढायचा फलक लावला, नारळ फोडला, पडद्याला कुंकवाचे बोट लावले. कुंकू पुढे कोणी पुसले नाही, आणि बरेच दिवस प्रत्येक यादीत एका आकड्याच्या कपाळी टिळा असे. मुख्य कचेरीचा हुकूम होता की स्टोअरमधल्या सगळ्या मालाची यादी यंत्रात चढवायची. अमुक शनिवारी साहेब तपासायला येतील. यादी चालू स्थितीत दिसली तर ठीक, नाहीतर बोईसरचे स्टोअर बंद करून माल आणि कीपर दोघांनाही वापीच्या मोठ्या स्टोअरला हलवायचे.

निवृत्तीला दोन वर्षे राहिलेल्या माणसाला वापी म्हणजे काही अंदमान नाही. रोज जाऊन येणारे लोक होते. पण वापीला सहाला सुटून पामला साडेसहाला पोचवील अशी गाडी रेल्वेने अजून काढलेली नव्हती. साडू मला एवढेच म्हणाले, "मास्तर, वापीलाही रॅकच असतात हो. माझं काही नाही. पण म्हातारीचा डोळा वापीला नेता येत नाही." मग त्यांनी दोन बोटांनी तीन महिने बसून चार हजारांवर वस्तू त्या यंत्रात चढवल्या. प्रत्येक वस्तू चढवण्याआधी ते उठून रॅकपाशी जात आणि ती तिथे असल्याची डोळ्यांनी खात्री करून घेत. गमबूट त्यांनी डावा-उजवा पाहून चढवले.

तपासणीच्या आधीच्या गुरुवारी आमच्या शाळेच्या कचेरीत फोन आला. "मास्तर, मशीन उठत नाही."

"म्हणजे काय होतं?"

"म्हणजे बसलेलंच आहे."

मी पालघरच्या एका शाळेत मराठी शिकवत असे. शाळेलाही कोणीतरी एक संगणक भेट दिला होता. हेडमास्तरांनी तो भरतकामाच्या झाकणाखाली ठेवला होता आणि त्याची जबाबदारी माझ्यावर टाकली होती, कारण त्याच्यासोबत आलेले इंग्रजी पुस्तक शेवटपर्यंत वाचणारा शाळेत मीच निघालो. एवढ्या भांडवलावर आमच्या कुटुंबात मी संगणकतज्ज्ञ म्हणून ओळखला जात होतो. ही ओळख मी खोडून काढली नव्हती. शुक्रवारी तिकडच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी असते. मी किरकोळ रजा टाकली, ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळले, शाळेच्या फ्लॉप्या पोळीच्या डब्यात घातल्या आणि बोईसरला उतरलो.

साडू गेटवर उभेच होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, डोळे मात्र रात्रभर न झोपलेल्याचे. कारखाना सुना होता. यंत्राशेजारी वायरमन बसला होता. "काका, मैं बोलता हूं ना, अर्थिंग का लफडा है," तो म्हणाला. त्याच्या मते बोईसरमधल्या सर्व दुःखांचे मूळ अर्थिंगमध्ये होते. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस मुंबईहून सोमवारी येणार होता. तपासणी शनिवारी. साडूंनी बटण दाबले. यंत्र घुरघुरले, आपली स्मरणशक्ती मोजली, एकदा टुक् केले आणि पडद्यावर एक इंग्रजी ओळ लिहून गप्प बसले.

साडूंनी ती ओळ वहीत वेळेसकट उतरवून ठेवली होती. "याचा अर्थ सांगा."

"आपले हुकूम या यंत्राला समजावून सांगणारा एक दुभाषा आत असतो," मी म्हणालो. "तो एक तर बिघडलाय, नाहीतर जागेवर नाही."

"जागेवर नाही?" साडूंचा चेहरा पडला. "माझ्या स्टोअरमध्ये?"

"कुणी हात लावला होता का?"

त्यांनी रजिस्टर पुढे केले. यंत्राला हात लावणाऱ्या प्रत्येकाची त्यात सही होती. पुसायला आलेल्या बाईचा अंगठासुद्धा होता. बुधवारी दुपारनंतर फक्त साडूंचे नाव.

"तुम्ही यातून काही काढलंत का?"

"काढलं ना," ते म्हणाले. "पण नियमानं काढलं."

तपासणीच्या आधी स्टोअरमध्ये एक काम करायचे असते. जो माल तीन वर्षांत कोणी मागितलेला नाही, तो हुडकायचा, त्याची यादी करायची, साहेबांची सही घ्यायची आणि तो भंगारात काढायचा. साडू हे काम सव्वीस वर्षे करत आले होते. या वेळी रॅक संपल्यावर ते यंत्राकडे वळले. यंत्रातल्या फायलींची यादी कशी पाहायची आणि फाइल कशी पुसायची, हे त्यांना कंपनीच्या माणसाने शिकवले होते. पाहतात तो आत आपल्या यादीखेरीज बराच माल पडलेला. "मी कधी मागितला नाही, कुणी मागितल्याचं ऐकलं नाही," ते मला समजावू लागले. "आणि मास्तर, तारखा बघा. सगळा माल एकाच दिवशी आलेला. त्यातही एकाच मिनिटाला! सहा वाजून बावीस मिनिटं. मिनिटाचाही फरक नाही. म्हणजे कुणीतरी गठ्ठा आणून टाकलाय, आणि टाकल्यापासून कुणी शिवलेला नाही. वर एकच माल दोन-दोन कप्प्यांत. मला सांगा, हे मुख्य कचेरीच्या साहेबांनी पाहिलं असतं तर?"

तर्कात चूक काढायला मला जागा सापडेना. ती वेळ म्हणजे माल बनवणाऱ्यांनी घातलेला आवृत्तीचा आकडा होता, हे मला फार पुढे कळले. त्यांनी दुसरे रजिस्टर उघडले. त्रेचाळीस नावे, त्यांच्या त्या सुंदर अक्षरात, प्रत्येकासमोर आकार, आवक वेळ सहा बावीस, शेवटची मागणी "आढळली नाही", शेरा "निकामी". तळाशी मॅनेजरसाहेबांची हिरव्या शाईतली सही. साहेबांनी संगणकाचा मेंदू भंगारात काढायला बाकायदा मंजुरी दिली होती. त्यांचा दोष एवढाच की ते वाचत नसत.

माझे बोट सातव्या नावावर थांबले. "साडूभाऊ, हाच तो."

"कोण?"

"दुभाषा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तसं कसं? बुधवारी दुपारी काढला. त्यानंतर सहापर्यंत मशीन व्यवस्थित चालत होतं."

"एक माणूस सकाळी कामावर आला," मी म्हणालो. "दुपारी तुम्ही हजेरीपटातलं त्याचं नाव खोडलं. त्याला कुणी सांगितलं नाही, म्हणून त्यानं संध्याकाळपर्यंत काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर अडवला."

हे त्यांना ताबडतोब कळले. खिशातून पेन काढून त्यांनी शेऱ्यासमोर "चूक: माझी" असे लिहिले, खाली तारीख घातली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. साडेअकरा वाजले होते. "सहाला मला निघावं लागेल," ते म्हणाले.

"आज सुट्टी आहे की."

"डोळ्याला नसते."

आता माझी पाळी होती, आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. वायरमन समोर बसला होता, साडू आशेने पाहत होते, आणि मराठीच्या मास्तराला असा प्रेक्षक वारंवार मिळत नाही. मी बाह्या सरसावल्या. "पाच मिनिटांचं काम," असे मी म्हणालो. हे वाक्य उच्चारणाऱ्या माणसाला ताबडतोब खोलीबाहेर काढावे, असा नियम मी आता करीन. मी शाळेची फ्लॉपी घातली, तिच्या जोरावर यंत्र कसेबसे उठले, आणि आत पाहिले तर साडूंची चार हजार वस्तूंची यादी जशीच्या तशी शाबूत होती. साडूंनी पडद्याला हात लावून पाहिले. मग मी शाळेच्या फ्लॉपीतला दुभाषा त्यांच्या यंत्रात उतरवला, फ्लॉपी काढली आणि ऐटीत बटण दाबले. यंत्राने स्मरणशक्ती मोजली, टुक् केले आणि आणखी एक ओळ लिहिली. नवा दुभाषा भलत्याच आवृत्तीचा होता. शाळेचे यंत्र जुने, कारखान्याचे नवे.

वायरमन पडद्याकडे बघत म्हणाला, "मास्टरजी, पांच मिनट हो गया."

साडू मात्र टेबलावर वाकून ती ओळ नीट वाचत होते. "म्हणजे साइझ जुळला, आटे जुळले नाहीत," ते म्हणाले. "पाव इंची नटात सहा एमएमचा बोल्ट. दिसायला सारखा, दोन फेरे बसतो, मग अडतो. इथं नेहमी होतं." संगणकाच्या त्या प्रकरणाचे माझ्या पुस्तकाने अकरा पाने स्पष्टीकरण दिले होते.

"याच्या मूळ फ्लॉप्या कुठे आहेत?" मी विचारले.

"साहेबांच्या केबिनमध्ये, काचेच्या कपाटात, वरचा खण, पितळी घोड्याच्या मागे," साडू म्हणाले. "शोभेला ठेवल्यात. किल्ली साहेबांच्या खिशात. साहेब मुंबईला."

त्यानंतर दोन तास मी पुस्तक वाचले. खरे तर आधी वाचायला हवे होते. शेवटून दुसऱ्या प्रकरणात असे लिहिले होते की पुसलेली फाइल खरोखर पुसली जात नाही. यंत्र फक्त तिच्या नावाचे पहिले अक्षर खोडते आणि तिची जागा मोकळी समजते. दुसरे काही त्या जागी येऊन बसले नसेल, तर माल तिथेच असतो. तो परत मागता येतो. अट एकच, खोडलेले पहिले अक्षर मागणाऱ्याने सांगायचे. त्याच्यासाठी लागणारा हुकूम शाळेच्या फ्लॉपीत होता.

मी पान साडूंपुढे धरले. त्यांनी दोनदा वाचले. मग ते म्हणाले, "म्हणजे भंगारवाला अजून आलेला नाही," आणि निकामी मालाचे रजिस्टर मांडीवर घेतले.

पुढचा तास मी विसरणार नाही. यंत्र एकेक नाव पडद्यावर आणी, पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि थांबून विचारी, पहिले अक्षर काय? जगात दुसऱ्या कोणी या फायली पुसल्या असत्या तर त्याला काय उत्तर देता आले असते, मला माहीत नाही. साडू रजिस्टरावर बोट ठेवून, खिडकीतून माल देतानाच्या आवाजात सांगत. "अनुक्रमांक तीन. एच." मी एच दाबी. "जमा. अनुक्रमांक चार. ए." वायरमनसुद्धा सरसावून बसला आणि दर फायलीला "आ गया!" म्हणू लागला. सातवी आली नाही. तिच्या नावावर आणि बहुधा तिच्या जागेवरही मी सकाळी ऐटीत शाळेचा दुभाषा आणून बसवला होता. यंत्रात ती आता कुठेच दिसत नव्हती. मी खुर्चीत मागे टेकलो. वापीची गाडी मला फलाटाला लागलेली दिसू लागली.

साडूंचे बोट रजिस्टरावरून खाली घसरत होते. ते एका ठिकाणी थांबले. "मास्तर, एकच माल दोन कप्प्यांत होता म्हणालो ना? दुसरा कप्पा बघा. अनुक्रमांक एकोणीस."

आतल्या कप्प्यात गेलो. अठरा आली. मग एकोणिसावी. प्रश्नचिन्ह आणि पुढे सहा ओळखीची अक्षरे.

"सी," साडू म्हणाले.

मी सी दाबला. यंत्राने विचार केला आणि माल परत मिळाल्याचे कळवले. मी आतल्या कप्प्यातला तो दुभाषा वरच्या कप्प्यात नेला, शाळेचा काढला, फ्लॉपी बाहेर घेतली. या वेळी बटण मी दाबले नाही, साडूंना दाबायला लावले. यंत्र घुरघुरले, मोजले, टुक् केले आणि मुकाट्याने पुढच्या हुकमाची वाट पाहू लागले. वायरमन म्हणाला, "अब अर्थिंग भी देख लेते है." साडूंनी नवे पान काढून आवक लिहिली: बेचाळीस नग परत जमा, एक नग तूट, कारण "मास्तरांच्या हातून." त्यावर माझी सही घेतली आणि पावणेसहाला सायकलचे कुलूप काढले.

शनिवारच्या तपासणीला मी नव्हतो. साडूंनी सांगितले ते असे. मुख्य कचेरीचे दोन साहेब आले. हार झाले, मॅनेजरांचे एकविसाव्या शतकावर भाषण झाले. एका साहेबांनी परीक्षा घ्यायची म्हणून यादीतून वाटेल त्या वस्तू विचारल्या. यंत्राने रॅक सांगावा, कप्पा सांगावा, नग सांगावेत, आणि माणूस धावत जाऊन पाहून यावा. एकही चूक निघाली नाही. "मी बाजूला उभा होतो," साडू म्हणाले. "यंत्राच्या आधी मला उत्तर येत होतं. पण मी बोललो नाही. त्याची परीक्षा होती." स्टोअर बोईसरला राहिले, कीपर राहिले. मॅनेजरांना शाबासकीचे पत्र आले. त्यांनी पुढे एकदा ते निकामी मालाचे रजिस्टर मागवून घेतले, आपली हिरवी सही पाहिली, आणि त्या दिवसापासून सही करण्याआधी कागद वाचू लागले. कारखान्याचे काम त्यामुळे बरेच मंदावले.

यादी छापून तिची प्रत खिडकीबाहेर सुतळीने टांगण्यात आली. मी एकदा दुपारी सहज गेलो होतो तेव्हा एक कामगार आला, पाने चाळली, बोट ठेवले, आत जाऊन नेमक्या कप्प्यातला पट्टा घेऊन आला, सही केली आणि गेला. साडू मान खाली घालून बसले होते. त्यांच्यापुढे लिहायला काही नव्हते. मी काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, "आता तुम्हाला आराम झाला."

"यादी बिनचूक आहे मास्तर," ते म्हणाले. "मीच केलीय. मग विचारायचं काय माणसानं?"

मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर पामला गेलो. वाडीत चिकूचा वास होता आणि सासूबाई ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सायकलच्या आवाजानेच त्यांनी मान मागे टाकली. साडूंनी हात धुतले, पुसले, पापणी अलगद धरली आणि एक थेंब सोडला. डॉक्टरांकडे नुकतेच दाखवून आणले होते. नजर होती तेवढी टिकून होती. "वापीला नाय ना धाडत आता तुमाला?" त्यांनी डोळा मिटूनच विचारले.

"नाही."

"बरं झालं." मग पदर सावरत त्या म्हणाल्या, "जावयबापू, माजी काठी कुठं ठेवली वो मी? सापडत नाय."

साडू पाठमोरे उभे राहून पुठ्ठ्यावर खूण करत होते. मागे वळूनही न बघता म्हणाले, "उजवीकडे. तुळईच्या खांबाला. मूठ वर."

"आनि अडकित्ता?"

"पानाच्या डब्यात नाही, फळीवर. तांब्याच्या डाव्या बाजूला."

"नि माजं ते हिरवं लुगडं?"

"पेटीत, वरून तिसरं. घडी उलटी घातलीय तुम्ही."

त्या विचारत राहिल्या आणि ते सांगत राहिले. साडूंची मान ताठ होत गेली, आवाज खिडकीतल्यासारखा खणखणीत झाला. मी ओटीच्या दुसऱ्या टोकाला बसून बघत होतो. सासूबाईंचा उजवा हात पदराआड होता, आणि त्या हातात काठीची मूठ घट्ट धरलेली होती.